गाडीची किंमत उतरते, इंजिनाचा खर्च उतरत नाही

गोंदिया : महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेली स्पोर्ट्स कार कोणती, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सचिन तेंडुलकरची लाल फेरारी उभी राहते. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला देण्यात आलेली ही '३६० मोडेना' २००३ मध्ये आयात शुल्काच्या वादामुळे देशभर चर्चेत आली आणि २०११ मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली गेली. या गाडीच्या शुल्काची, किमतीची आणि मालकांची चर्चा भरपूर झाली. तिच्या इंजिनातील टायमिंग बेल्ट मात्र फारसा कोणाच्या बोलण्यात आला नाही. गाडी धावो वा गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असो, हा पट्टा ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात व इंजिनाचे अतोनात नुकसान होते. 'गाडी फार कमी चालली आहे' हे विक्रेत्याचे आवडते वाक्य अशा इंजिनाच्या बाबतीत दिलासा देणारे नसून उलट सावध करणारे ठरते.

वापरलेली वेगवान गाडी घेणाऱ्याचा हिशेब नेमका येथेच चुकतो. एकेकाळी असा व्यवहार मुंबई-पुण्यातील हौशी मंडळींपुरता मर्यादित होता. आता संकेतस्थळे आणि मोबाइल ॲपमुळे गोंदिया, तिरोडा वा आमगावच्या ग्राहकालाही पुण्यातील, हैदराबादमधील किंवा दिल्लीतील गाडी घरबसल्या पाहता येते. छायाचित्रे चकचकीत असतात, किंमत नव्या साध्या मोटारीच्या आसपास असते आणि कर्जही मिळते. छायाचित्रात इंजिनाची प्रकृती मात्र दिसत नाही. राइस मिल, धान्य व्यापार वा नोकरीतून साठविलेली पुंजी ज्या गाडीत घातली जाते, ती गाडी वर्षभरात उभी राहिली तर त्या कुटुंबाने जायचे कोठे, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

<b>स्वस्त गाडीचे महाग अंतरंग</b>

बाजारातील गाडीची किंमत वयानुसार घसरते. महागड्या आणि वेगवान गाडीची किंमत तर साध्या गाडीपेक्षा अधिक वेगाने घसरते, कारण पहिला श्रीमंत ग्राहक लवकर नवी गाडी घेतो आणि जुनीला गिऱ्हाईक मोजके असते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र घसरत नाही. उदाहरणादाखल, नवी असताना ४० लाखांना विकली गेलेली गाडी दहा वर्षांनी ८ लाखांना मिळाली, असे समजू. ग्राहकाने ८ लाखांची गाडी घेतली, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने ४० लाखांच्या गाडीचा देखभाल खर्च स्वीकारलेला असतो. टर्बोचार्जर, उच्च दाबाचा इंधन पंप, इंजेक्टर वा संगणकीय नियंत्रक बदलायची वेळ आली तर बिल ४० लाखांच्या गाडीच्या हिशेबानेच येते.

दुसरा मुद्दा बंद पडलेल्या मॉडेलांचा. सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील अनेक वेगवान गाड्या महाराष्ट्रातच तयार झाल्या. फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडली, फोक्सवॅगनची पोलो जीटी चाकणला बनत असे, तर स्कोडा ऑक्टाव्हियाची जोडणी औरंगाबादजवळील (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे होत असे. फियाटने २०२० मध्ये भारत स्टेज-६ निकष लागू होण्यापूर्वीच येथील मोटारींचे उत्पादन थांबविले. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये संपले. मारुतीची बलेनो आरएस आणि टाटाची टियागो जेटीपी या लहान टर्बो गाड्याही २०२० च्या आसपास बाजारातून गेल्या. या गाड्या वाईट होत्या, असा याचा अर्थ नाही. त्यांचे इंजिन साध्या आवृत्तीपेक्षा वेगळे असल्याने 'हीच गाडी तर सगळीकडे दिसते, भाग मिळतीलच' हा युक्तिवाद टिकत नाही, एवढेच लक्षात घ्यावयाचे. बॉनेट, काच आणि दिवे सहज मिळतील, पण टर्बो इंजिनाचा नेमका भाग मिळेलच, याची खात्री नसते.

गोंदियाच्या ग्राहकासाठी यात अंतराची भर पडते. अशा गाड्यांच्या दुरुस्तीसाठी लागणारे कंपनीचे स्कॅनर आणि प्रशिक्षित कारागीर शोधायचे तर नागपूर किंवा रायपूर गाठावे लागते. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, रस्त्याने त्याहून अधिक. साधी तपासणीही एका दिवसाचे काम होते आणि गाडी चालण्याच्या स्थितीत नसेल तर ट्रकवर लादून नेण्याचा खर्च वेगळा. अंतर वाढले की माणूस देखभाल पुढे ढकलतो, आणि पुढे ढकललेली देखभाल हेच वेगवान इंजिन बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण असते.

<b>टर्बो, तेल आणि विदर्भाचा उन्हाळा</b>

आजच्या बहुतेक वेगवान गाड्यांचे इंजिन आकाराने लहान आणि टर्बोचार्जरच्या साह्याने बलवान केलेले असते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर फिरणारा टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल जुने झाले, कमी पडले किंवा गाडी भरधाव पळवून लगेच बंद करण्याची सवय असली तर तेल जळून त्याची काजळी साचते व टर्बोचे आयुष्य घटते. तेल बदलण्यास झालेल्या उशिराचा परिणाम टायमिंग चेनवरही होतो. तिचे सांधे झिजून ती सैल पडते आणि थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खडखडाट ऐकू येतो. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनात आत घेण्याच्या व्हॉल्व्हवर काजळीचा थर बसतो, कारण त्यांना धुणारे पेट्रोल तेथे पोहोचतच नाही.

या यंत्राला स्थानिक हवामानाचीही परीक्षा द्यावी लागते. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. युरोपच्या थंड हवेत सहज टिकणारे कूलंटचे प्लास्टिकचे सांधे येथे लवकर ठिसूळ होतात. कूलंट कमी झाले की विहिरीचे वा बोअरचे पाणी ओतून काम भागविण्याची पद्धत आहे. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरमध्ये साचतात. अशा गाडीचे इंजिन एकदा जरी प्रमाणाबाहेर तापले तरी ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि हेड गॅस्केट जाते. राइस मिलच्या परिसरातील कोंड्याची बारीक धूळ एअर फिल्टर चोंदवते. पूर्वीच्या मालकाने अधिक आवाजासाठी उघडा फिल्टर बसविला असेल तर तीच धूळ सिलिंडरपर्यंत जाण्याचा धोका असतो.

इंधनाचा मुद्दा अलीकडे अधिक महत्त्वाचा झाला आहे. २०२५ पर्यंत देशभरातील पंपांवर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल पोहोचले. तांदळाच्या ज्या बाजारपेठेवर गोंदियाची ओळख उभी आहे, तेथील तुकडा तांदूळ हा देखील इथेनॉलचा एक कच्चा माल आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत या इंधनाशी जुळणारे रबर व इतर भाग वापरण्यास सुरुवात झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच्याच मिश्रणाचा उल्लेख आढळतो. मायलेज किंचित घटते, मोठा धोका नाही, अशी केंद्र सरकारची भूमिका आहे. तरीही दहा-बारा वर्षे जुन्या आयात गाडीचे इंधन नळ, सील आणि पंप तपासून घेणे, हा ग्राहकाच्या हिताचाच भाग ठरतो.

<b>'लिंबां'चा बाजार</b>

जुन्या गाड्यांच्या बाजाराचा हा रोग अर्थशास्त्रालाही परिचित आहे. अमेरिकेत सदोष निघालेल्या गाडीला बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये याच लिंबांवर एक निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना इतर दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : विक्रेत्याला गाडीचा दोष ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. त्यामुळे ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती किंमत परवडत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि मागे उरतात ती लिंबे.

वेगवान गाडीच्या बाबतीत ही विषमता अधिक तीव्र होते. पूर्वीच्या मालकाने इंजिनाच्या संगणकात फेरफार करून शक्ती वाढविली असेल आणि विक्रीपूर्वी मूळ प्रणाली परत बसविली असेल तर वरवरच्या तपासणीत ते कळत नाही. गाडी पुरात बुडाली होती काय, हेही कळत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी होऊन अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशा आपत्तीनंतर विमा कंपन्या ज्या गाड्या दुरुस्तीपलीकडे ठरवितात, त्या भंगार म्हणून लिलावात विकल्या जातात. त्यातील काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतात, हे या व्यवसायातील उघड सत्य आहे. सिलिंडरमध्ये पाणी शिरून इंजिनाचा दांडा किंचित वाकला असला तरी गाडी काही महिने चालते. दोष उघडकीस येतो तो नव्या मालकाच्या हाती.

नावाजलेली कंपनी म्हणजे विश्वासार्ह इंजिन, हे समीकरणही तपासून पाहायला हवे. जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या काही बॉक्सस्टर आणि ९११ गाड्यांत इंजिनाच्या मधल्या दांड्याचे बेअरिंग निकामी होऊन पूर्ण इंजिन जाण्याचे प्रकार घडले. अमेरिकेत त्यावर सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. इंजिनाच्या तुलनेत बेअरिंग हा स्वस्त भाग. तो वेळीच बदललेली गाडी आणि न बदललेली गाडी बाहेरून एकसारखीच दिसते. म्हणूनच जाणकार मॉडेलचे नाव विचारून थांबत नाहीत, तर इंजिनाचा संकेतांक, उत्पादनाचे वर्ष आणि त्या इंजिनाचा ज्ञात दोष दुरुस्त केल्याची पावती विचारतात.

<b>कागदावरचे इंजिन</b>

इंजिन चांगले असले तरी ते कागदोपत्री त्याच गाडीचे आहे काय, हा वेगळा प्रश्न. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने 'डीसी अवंती' या भारतीय बनावटीच्या स्पोर्ट्स कारसंदर्भात गुन्हा दाखल करून कंपनीच्या संस्थापकांना अटक केली. एकाच इंजिन व चासी क्रमांकाची एकाहून अधिक नोंदणी करण्यात आली आणि एकाच गाडीवर अनेक कर्जे उचलण्यात आली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम. ग्राहकासाठी बोध एवढाच की, बॉनेट उघडून इंजिन आणि चासीवर कोरलेला क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी ताडून पाहणे, हा उपचार नसून आवश्यकता आहे. इंजिन बदललेले असेल तर त्याची परिवहन कार्यालयात नोंद झालेली असली पाहिजे.

गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमेवर वसला आहे. बालाघाट वा राजनांदगावची गाडी घेणे येथे नवलाचे नाही. डिझेलच्या दहा आणि पेट्रोलच्या पंधरा वर्षे जुन्या गाड्यांवरील निर्बंधांविषयी राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या आदेशांनंतर दिल्लीच्या गाड्याही स्वस्तात इतर राज्यांत जाऊ लागल्या. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे नवा नोंदणी क्रमांक, म्हणजे गोंदियाचा 'एमएच ३५', घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील कर हे दोन्ही आले. स्वस्त किमतीत हा खर्च धरलेला नसतो.

<b>कायद्याचे संरक्षण किती?</b>

गाडी घरी आणल्यावर पंधरा दिवसांत इंजिन बसले तर कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायद्याच्या कलम १७ नुसार नुसते गप्प बसणे ही सर्वसाधारणपणे फसवणूक ठरत नाही. जाणूनबुजून दिलेले खोटे उत्तर मात्र फसवणूक ठरू शकते. कलम १९ तर असेही सांगते की, साधी दक्षता घेऊन ज्याला सत्य शोधता आले असते, त्याला विक्रेत्याच्या मौनाचे वा अनवधानाने दिलेल्या चुकीच्या माहितीचे कारण देऊन करार रद्द करता येत नाही. याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. प्रश्न विचारला नाही तर विक्रेता सुरक्षित, प्रश्न विचारला आणि लेखी उत्तर घेतले तर ग्राहक काहीसा सुरक्षित. इंजिन कधी उघडले होते काय, गाडी पाण्यात गेली होती काय, संगणकात फेरफार झाला होता काय, किलोमीटरचा आकडा खरा आहे काय, हे चार प्रश्न साध्या मोबाइल संदेशावर विचारले तरी त्यांची नोंद राहते.

खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या गाडीबाबत ग्राहक आयोगाचा मार्ग अवघड असतो. व्यापाऱ्याकडून वा कंपनीकडून घेतलेल्या गाडीबाबत तो खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक महत्त्वाची सोय केली. तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पुण्यातील कंपनीकडून गाडी घेतलेल्या गोंदियाच्या ग्राहकाला त्यासाठी पुण्याचे खेटे घालण्याची गरज उरलेली नाही. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेण्याचा नियमही लागू झाला. ते आहे काय, हे ग्राहकाने विचारावे. नोंदणीकृत व्यापारी आपल्या नफ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर भरत असल्याने रीतसर बिल मागण्यात संकोच करण्याचेही कारण नाही. कराचे चार पैसे वाचविण्यासाठी बिल सोडून देणारा ग्राहक तक्रारीचा मुख्य पुरावाच सोडून देतो.

<b>तपासणीचा एक दिवस</b>

यावरचा उपाय फारसा खर्चिक नाही. गाडी पाहायला जाण्यापूर्वी इंजिन सुरू करू नये, असे विक्रेत्याला सांगावे. थंड इंजिन लपवाछपवी करीत नाही. सुरू होताना येणारा खडखडाट चेनचा, निळसर धूर तेल जळण्याचा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर कूलंट सिलिंडरमध्ये जात असल्याचा संशय निर्माण करतो. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक फरक आढळला तर इंजिन उघडण्याची वेळ आली, असे समजावे. त्या कंपनीच्या स्कॅनरवर दोषसंकेत वाचावेत आणि नुकतेच पुसलेले नाहीत ना, हेही पाहावे. शेवटी सर्व्हिसच्या पावत्यांवरील तारखा आणि किलोमीटर एकमेकांशी जुळतात काय, ते तपासावे. हे सर्व विक्रेत्याच्या नव्हे, तर ग्राहकाने निवडलेल्या कारागिराकडून व्हावे. विक्रेता त्यास नकार देत असेल तर त्या नकारातच उत्तर मिळते.

आणखी एक साधी कसोटी आहे. गाडीच्या किमतीव्यतिरिक्त एका मोठ्या दुरुस्तीचे पैसे ग्राहकाकडे वेगळे काढलेले असावेत. ते नसतील तर ती गाडी त्याला परवडणारी नाही, मग तिची किंमत कितीही कमी असो.

अर्थात, सारी जबाबदारी ग्राहकावर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही. बेल्जियममध्ये २००६ पासून जुन्या गाडीच्या विक्रीसोबत किलोमीटरचा अधिकृत इतिहास देणारे 'कार-पास' प्रमाणपत्र बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतील किलोमीटर आणि दोष कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. भारतात परिवहन खात्याच्या ॲपवर नोंदणीची तारीख, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत दिसते. गाडी किती चालली आणि तिच्या इंजिनाचे काय झाले, याविषयी ग्राहकाच्या हाती काही लागत नाही. प्रदूषण तपासणी आणि विम्याच्या निमित्ताने प्रत्येक गाडी ठरावीक काळाने कोणा ना कोणा अधिकृत यंत्रणेपुढे येतेच. त्या वेळी किलोमीटरचा आकडा नोंदवून तो सर्वांसाठी खुला केला तर मोठ्या खर्चाशिवाय बाजारातील निम्मा अंधार दूर होईल. तो दिवस येईपर्यंत गोंदियाच्या ग्राहकाला आपला दिवा आपणच घेऊन जावे लागेल : चार लेखी प्रश्न, ओळखीचा मिस्त्री आणि नागपूरची एक फेरी. लाखोंच्या इंजिनापुढे हा खर्च नगण्य आहे.